अर्धवेळ

सकाळी मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांचं वजन लिहितो,
दुपारी दोन ते सहा सरकारी वकिलांच्या कचेरीत.
नेमणूकपत्रात म्हटलंय : अर्धवेळ तपास सहायक,
मानधन तत्त्वावर, अकरा महिन्यांसाठी,
कायम होण्याचा हक्क सांगता येणार नाही.
या वयात कायम काय व्हायचं, म्हणून सही केली.

बिरनाळे मॅडम म्हणतात, म्हेत्रे,
कुठली पानं वाचलीत ते तुम्हाला विचारावं लागत नाही,
कोपरे पिवळे होतात.
साबण लावतो, राखेनं घासतो.
नखातली हळद काही हलत नाही.

काम तसं साधं. हरवलेली माणसं शोधायची.
एक पंच गलाईच्या धंद्यात तमिळनाडूला गेलेला,
विट्यात त्याच्या मेव्हण्याच्या दारात तीन फेऱ्या,
चौथ्या फेरीला चहा मिळाला, पाचव्या फेरीला फोन नंबर.
एक साक्षीदारीण वारलेली,
समन्सवर शेरा, "घरी मिळून आली नाही".
खोटं नव्हतं ते.

मग तासगावची फाईल आली, सहा वर्षं जुनी.
बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज, फेब्रुवारीतली रात्र,
वॉचमन केराप्पा ऐवळे, डोक्यात लोखंडी गज.
आरोपी संपत, तिथलाच हमाल, तेव्हापासून आत.
हौसाबाईनं शेडमधून पाहिलं,
"खांबावरील विजेच्या दिव्याच्या उजेडात स्पष्ट ओळखला".
मॅडम म्हणाल्या, बाईला एकदा भेटून या,
उलटतपासात बावरायला नको.

एसटीनं गेलो. तिकीट जपून ठेवलं, बिलाला लागतं.
हौसाबाई बेदाणा निवडत होती,
हिरवा इकडं, काळपट तिकडं.
मान वर न करता म्हणाली,
दिवा? दिवा तुमीच लिवला की, दादा.
मी म्हनलं हुतं, चालन्यावरनं त्यो वाटला.
मग वर बघितलं.
तवा मिशा काळ्या हुत्या तुमच्या.

खांबापाशी पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते,
म्हणजे सरकारचा माझ्यावरचा हक्क संपलेला.
वायरमन गुरवानं जुनी वही शोधून दिली.
दिवा बसवला : अकरा ऑगस्ट.
फेब्रुवारीत तिथं नुसता खांब.

सकाळी मूळ जबाब काढला.
सही साहेबांची, अक्षर माझं.
मला ती केस आठवतही नव्हती, इतक्या झाल्या.
तेव्हा पूर्णवेळ होतो.
रात्रीच्या प्रत्येक गुन्ह्यात आम्ही दिवा लावायचो
ठाण्यातल्या खुर्चीवरून न उठता.
उजेड टाका रे, साहेब म्हणायचे, नाहीतर केस पडते.
एकतीस वर्षांत जेवढे खांब उजळले
तेवढे वीज मंडळालाही जमले नसते.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.
"किती वाजता पाहिलंत हे?"
साडेसहाला.
"म्हणजे कामाच्या वेळेत नाही."
नाही.
त्यांनी पेनाला टोपण लावलं. काढलं.
बाहेर शिपाई पुकारा करत होता, दुसऱ्याच कुणाचा.
"लिहा. जबाब तुमच्या हातचा आहे, हेही लिहा.
दोन प्रती काढा, एक त्यांच्या वकिलांना जाईल."

केराप्पाची बायको प्रत्येक तारखेला येते,
जिन्याखाली बसते, डबा उघडत नाही.
मग मारलं कुणी, असं ती मलाच विचारणार,
कारण तिला माझं एकट्याचं नाव माहीत आहे.
करारात याबद्दल काही नाही.

चार ओळींचा अहवाल, दोन तास लागले.
सही केली, कागद फिरवून वाचला.
'दिवा' या शब्दावर माझा अंगठा उमटला होता, पिवळा.
पुसायला गेलो
तर पसरला.